राज्य नसलेला राजपुत्र

श्रोतेहो, आज ज्या राजपुत्राची गोष्ट मी सांगणार आहे, त्याने कधी कुठल्या प्रदेशावर राज्य केले नाही. त्याने लग्नही केले नाही, त्यामुळे राजकन्या, स्वयंवर वगैरे मजकूर या गोष्टीत नाही. जर्मनीतल्याही पुष्कळ लोकांना त्याचे नाव ठाऊक नसते. पण उत्तर अमेरिकेत मिसुरी नदीच्या काठी राहणाऱ्या मँडन या आदिवासी जमातीला आपले पूर्वज कसे दिसत होते, कसे कपडे घालत होते, कुठल्या वस्तूला काय म्हणत होते हे जाणून घ्यायचे असेल, तर या माणसाच्या वह्या उघडाव्या लागतात. त्याचे नाव माक्सिमिलियन, नॉयवीडचा राजपुत्र. जन्म २३ सप्टेंबर १७८२, मृत्यू ३ फेब्रुवारी १८६७.

आधी त्याचे घराणे पाहू. अठराव्या शतकात आज आपण म्हणतो तसा जर्मनी हा एक देश नव्हता. तीनशेच्या वर लहानमोठी राज्ये, जहागिऱ्या, धर्मपीठे आणि स्वतंत्र शहरे मिळून एक साम्राज्य होते, आणि त्या साम्राज्याचा सम्राट व्हिएन्नात बसत असे. काही राज्ये अशी, की सकाळी घोड्यावर बसावे आणि दुपारच्या जेवणापर्यंत सरहद्द ओलांडावी. वीड-नॉयवीड हे त्यांपैकीच एक. ऱ्हाइन नदीच्या काठी, कोब्लेंट्झपासून जवळच त्यांची राजधानी नॉयवीड. हे गाव १६५३ साली या घराण्यातल्या एका काउंटने वसवले. गाव वसेना, तेव्हा त्याच्या राज्यात एक सवलत जाहीर झाली : इथे या, आणि आपापल्या पंथाप्रमाणे देवाची प्रार्थना करा. युरोपात धर्मापायी माणसे देशोधडीला लागत होती त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! मेनोनाइट आले, मोरावियन आले, ज्यू आले, फ्रान्सचे प्रोटेस्टंट आले. त्यांच्याबरोबर कसबही आले. इथल्या रोएंटगेन पितापुत्रांच्या कारखान्यातले लाकडी सामान पुढे युरोपभरच्या राजवाड्यांत जाऊन पोहोचले.

माक्सिमिलियन जन्मला तेव्हा हे घराणे काउंटांचे होते. तो दोन वर्षांचा असताना, १७८४ साली, त्याच्या आजोबांना सम्राटाकडून प्रिन्सची पदवी मिळाली. म्हणजे आपला नायक जन्माने राजपुत्र नव्हताच. तो दोन वर्षांनी राजपुत्र झाला. त्यात भावंडे पुष्कळ आणि गादीचा वारस थोरला भाऊ. अशा घरातल्या धाकट्या मुलाने करायचे काय? एकच रूढ मार्ग होता, तो म्हणजे फौज. माक्सिमिलियन प्रशियाच्या सैन्यात दाखल झाला.

मग १८०६ साल उजाडले. नेपोलियनने जर्मन राज्यांचा नकाशाच नव्याने आखला. जुने साम्राज्य बरखास्त झाले, आणि वीड-नॉयवीडसारखी छोटी राज्ये शेजारच्या मोठ्या राज्यांत विलीन करण्यात आली. पदव्या राहिल्या, राजवाडा राहिला, जंगले आणि शेतीचे उत्पन्न राहिले. राज्य गेले. त्याच वर्षी येनाच्या लढाईत प्रशियाचा दारुण पराभव झाला आणि त्यानंतरच्या धुमश्चक्रीत माक्सिमिलियन फ्रेंचांच्या कैदेत सापडला. एकाच वर्षात घराण्याचे राज्य गेले आणि मुलाचे स्वातंत्र्य. पुढे तो सुटला, घरी आला, आणि १८१४ साली विजयी फौजांबरोबर पॅरिसमध्येही शिरला. पण लढाई हा त्याचा ध्यास नव्हता. त्याला पक्षी, प्राणी, वनस्पती आणि माणसे यांचे वेड होते.

या वेडाला शिस्त लावली ती ग्योटिंगेन विद्यापीठातल्या ब्लूमेनबाख या प्राध्यापकांनी. जगातली सारी माणसे एकाच जातीची, एकाच मुळाची आहेत असे ठामपणे सांगणाऱ्या त्या काळातल्या थोड्या विद्वानांपैकी ते एक. आणि हेच ब्लूमेनबाख जगभरातून माणसांच्या कवट्या जमवत. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांची गरज लागणार आहे.

१८१५ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी माक्सिमिलियन ब्राझीलला गेला. प्रवासात त्याने आपली पदवी लपवली आणि माक्स फॉन ब्राउन्सबर्ग असे साधे नाव घेतले. रिओ द जानेरोपासून उत्तरेला बाहियापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने आणि किनाऱ्यालगतच्या अरण्यांतून त्याने दोन वर्षे प्रवास केला. या अरण्यात बोतोकुदो नावाने ओळखले जाणारे लोक राहत. खालच्या ओठात आणि कानाच्या पाळ्यांत लाकडी चकत्या घालण्याची त्यांची रीत होती. पोर्तुगालच्या राजदरबाराने १८०८ साली या लोकांविरुद्ध रीतसर युद्धच पुकारले होते. अशा वेळी हा जर्मन माणूस त्यांच्या वस्तीत गेला. त्यांची हत्यारे, त्यांचे खाणे, त्यांच्या भाषेतले शब्द तो टिपून घेऊ लागला.

परत येताना त्याने बरोबर पुष्कळ काही आणले. पेंढा भरलेले पक्षी आणले, साप आणले, वाळवलेल्या वनस्पती आणल्या. आणि एक माणूसही आणला. त्याचे नाव क्वेक. हा तरुण बोतोकुदो नॉयवीडच्या राजवाड्यात राहू लागला. त्याच्या मदतीने माक्सिमिलियनने बोतोकुदो भाषेची शब्दसूची वाढवली. क्वेकने ऱ्हाइनकाठचे हिवाळे सोसले, जर्मन कपडे घातले, जर्मन शब्द शिकला. पण आपल्या अरण्यात तो पुन्हा कधीच गेला नाही. १८३४ साली तो नॉयवीडलाच वारला. त्याची कवटी बॉन विद्यापीठाच्या शरीरशास्त्र विभागात जाऊन बसली. ब्लूमेनबाखांच्या शिकवणुकीच्या दोन बाजू मी मघाशी सांगितल्या. माणूस म्हणून क्वेकला घरात जागा मिळाली, आणि नमुना म्हणून कपाटात. ज्ञानाच्या इतिहासात या दोन गोष्टी अशा शेजारीशेजारी बसलेल्या दिसतात. एक सांगून दुसरी झाकणे बरे नव्हे.

ब्राझीलच्या प्रवासाचे पुस्तक १८२० आणि १८२१ मध्ये निघाले आणि ते नावाजले गेले. त्यातली चित्रे मात्र घरगुती होती. माक्सिमिलियन स्वतः रेखाटने करी, पण हात बेताचाच. मग भाऊ कार्ल आणि बहीण लुइसे यांनी ती रेखाटने सुधारून दिली. भावंडांची हौस मोठी. पण त्यांनी ब्राझीलचे अरण्य कधी पाहिलेच नव्हते. त्यामुळे त्या चित्रांतली माणसे युरोपातल्या पुतळ्यांसारखी दिसू लागली. ही उणीव माक्सिमिलियनच्या मनाला लागली असावी. कारण पुढच्या प्रवासाला निघताना त्याने एक चित्रकार बरोबर घेतला.

त्या चित्रकाराचे नाव कार्ल बोडमर. झुरिकचा हा स्विस तरुण तेव्हा तेवीस वर्षांचा होता. माक्सिमिलियन पन्नाशीला टेकलेला. तिसरा सोबती ड्रायडॉपेल, राजवाड्याचा शिकारी आणि प्राण्यांची कातडी टिकवण्यात निष्णात. हे तिघे ४ जुलै १८३२ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, बोस्टनला उतरले. देशात कॉलऱ्याची साथ होती. मजल दरमजल करत ते इंडियाना राज्यातल्या न्यू हार्मनी या गावी पोहोचले. तिथे माक्सिमिलियन आजारी पडला आणि हिवाळा तिथेच काढावा लागला. पण त्या छोट्या गावात थॉमस से आणि लेस्यूर हे दोन नामांकित निसर्गशास्त्रज्ञ राहत होते, त्यांचे ग्रंथ होते. आजारपण सत्कारणी लागले.

१० एप्रिल १८३३ रोजी सेंट लुइसहून ‘यलोस्टोन’ नावाची आगबोट निघाली. प्राण्यांची केसाळ कातडी यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकन फर कंपनीची ती बोट. रेल्वे, रस्ते काही नव्हते. मिसुरी नदी हाच रस्ता. आधी एक आगबोट, मग दुसरी, आणि पाणी उथळ झाल्यावर दोरांनी ओढायची नाव, असे करत हे लोक आजच्या मोंटाना राज्यातल्या फोर्ट मॅकेन्झीपर्यंत गेले. नदीच्या वळणांनी मोजले तर साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर. तिथे २८ ऑगस्टच्या पहाटे ते झोपेतून उठले ते गोळ्यांच्या आवाजाने. किल्ल्याबाहेर तळ ठोकून असलेल्या ब्लॅकफूट लोकांवर असिनिबोइन आणि क्री जमातींनी हल्ला केला होता. बोडमरने या प्रसंगाचे काढलेले चित्र प्रसिद्ध आहे.

हा राजपुत्र दिसायला कसा होता? व्यापाऱ्यांच्या आठवणींत त्याचे जे वर्णन सापडते, त्यात राजेशाही थाटाचा मागमूस नाही. तोंडात दात उरलेले नाहीत, डोक्यावर जुनी टोपी, अंगात विटलेला मखमली कोट, आणि तेलकट डागांनी माखलेली विजार. त्याला अशा अवतारात पाहून कोणी राजपुत्र म्हणून ओळखणे शक्यच नव्हते. हातात मात्र सतत वही.

आता या प्रवासाचा गाभा. १८३३ चा नोव्हेंबर ते १८३४ चा एप्रिल, असा अख्खा हिवाळा या तिघांनी फोर्ट क्लार्क या ठाण्यावर काढला. आजच्या नॉर्थ डकोटा राज्यात हे ठिकाण येते. ठाण्याला लागूनच मँडन लोकांचे गाव होते. मातीने लिंपलेली, घुमटाकार, मोठाली साठ-पासष्ट घरे. मँडन हे भटके शिकारी नव्हते. ते मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल पिकवत, आणि आसपासच्या जमातींशी धान्याचा व्यापार करत. शेतीभाती बायकांच्या हाती असे, आणि घरही त्यांचेच मानले जाई.

थंडी अशी, की पारा गोठावा. घाईघाईने बांधलेल्या खोलीच्या फटींतून वारा शिरे. शाई गोठे. बोडमरचे रंग आणि कुंचले गरम पाण्यात धरून वितळवावे लागत. आणि अशा खोलीत रोज संध्याकाळी पाहुणे येत. त्यांतला नेहमीचा पाहुणा म्हणजे मातो-तोपे, म्हणजे ‘चार अस्वले’, मँडनांचा एक नामवंत सरदार. तो तासन्‌तास बसून आपल्या लोकांच्या चालीरीती, श्रद्धा आणि लढाया सांगे. त्याच्या केसांत रंगवलेला एक लाकडी सुरा खोवलेला असे. हातघाईच्या झुंजीत शायान जमातीच्या सरदाराचाच सुरा हिसकावून त्याने त्याला मारले होते, त्याची ती खूण. माक्सिमिलियन विचारी, मातो-तोपे सांगे, ठाण्याचा प्रमुख जेम्स किप दुभाष्याचे काम करी, आणि वहीची पाने भरत जात.

बोडमरने मातो-तोपेची दोन मोठी चित्रे काढली. एकात पिसांचा मुकुट आणि पूर्ण पोशाख, दुसऱ्यात उघडे, रंगवलेले अंग. ब्राझीलच्या त्या पुतळ्यांसारख्या चित्रांशी यांची तुलनाच होऊ शकत नाही. मोकासिनवरचे नक्षीकाम, पिसांची बांधणी, चेहऱ्यावरचा रंग, सारे जसेच्या तसे. शिवाय बोडमरने मातो-तोपेलाही कागद आणि रंग दिले. मातो-तोपेने आपल्या त्या झुंजीचे चित्र आपल्याच शैलीत काढले. ते चित्र आजही आहे. एका बाजूने पाहुणा सरदाराला पाहत होता, आणि सरदार स्वतःला कसा पाहत होता तेही कागदावर उतरत होते. वांशिक अभ्यासाच्या इतिहासात हे त्या काळी फार क्वचित घडले.

हिवाळा संपता संपता माक्सिमिलियन स्कर्व्हीने आजारी पडला. ताजे अन्न मिळाले नाही की हिरड्या सुजतात, पाय काळेनिळे पडतात, तो हा रोग. तो वाचेल असे कोणाला वाटत नव्हते. ठाण्यावरच्या स्वयंपाक्याने उपाय सुचवला : माळावर उगवणारा रानकांदा, पातीसकट. आदिवासी मुलांनी तो माळावरून गोळा करून आणला, आणि काही दिवसांत सूज उतरली. युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांत वावरलेल्या माणसाचा जीव एका स्वयंपाक्याच्या अनुभवाने आणि माळावर हिंडणाऱ्या पोरांनी वाचवला.

१८३४ च्या उन्हाळ्यात तो युरोपला परतला. मागे ठेवलेल्या संग्रहाचा मोठा भाग पुढच्या वर्षी ‘असिनिबोइन’ नावाच्या आगबोटीतून येत होता. ती बोट १८३५ च्या जूनमध्ये जळाली आणि संग्रह नष्ट झाला. उरल्या वह्या आणि चित्रे. त्यांतून १८३९ ते १८४१ या काळात दोन खंडांचे प्रवासवर्णन निघाले, बरोबर बोडमरच्या ८१ चित्रफलकांचा संच. छपाई इतकी खर्चिक, की हा सारा उद्योग आतबट्ट्याचाच ठरला.

पण पुस्तक छापून होण्याआधीच त्यातले जग संपले होते.

१८३७ च्या जूनमध्ये ‘सेंट पीटर्स’ ही आगबोट फोर्ट क्लार्कला लागली. तिच्यावर देवीचे रोगी होते. देवी म्हणजे काय हे आपल्याकडे वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. व्रण घेऊन जगलेली माणसे आपल्याही घरांत होती. ज्या लोकांनी ही साथ दोन पिढ्यांत पाहिली नव्हती, त्यांच्यात ती वणव्यासारखी पसरली. देवीची लस तेव्हा चाळीस वर्षांची जुनी होती. इतकेच काय, आदिवासींना लस टोचण्याचा कायदा अमेरिकन काँग्रेसने १८३२ सालीच, म्हणजे माक्सिमिलियन बोस्टनला उतरला त्याच वर्षी, केला होता. पण मिसुरीवर इतक्या वर डॉक्टर पाठवायचे नाहीत असे वॉशिंग्टनमध्ये ठरले, आणि मँडनांपर्यंत कोणी पोहोचलेच नाही. सोळाशेच्या आसपास असलेल्या जमातीतली जेमतेम सव्वाशे-दीडशे माणसे उरली. ३० जुलै १८३७ रोजी मातो-तोपेही गेला.

श्रोतेहो, तीन वर्षांपूर्वीच्या त्या थंड खोलीत जर ती वही नसती, ते गोठलेले रंग कोणी वितळवले नसते, तर एका समाजाच्या भरभराटीच्या काळाची केवढी साक्ष पुसली गेली असती! माक्सिमिलियनला पुढचे काही ठाऊक नव्हते. शेवटचे म्हणून तो काही लिहीत नव्हता. पुढ्यात आहे ते नीट पाहावे आणि खरे लिहावे, एवढेच तो करत होता. म्हणूनच ते उपयोगी पडले.

त्याच्या घराण्याचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. त्याच्या पुतण्याची मुलगी एलिझाबेथ १८४३ साली जन्मली, रुमानियाची राणी झाली आणि ‘कार्मेन सिल्व्हा’ या टोपणनावाने लिहिणारी लेखिका म्हणून युरोपभर गाजली. तिचा भाचा विल्हेल्म याला तर १९१४ साली नव्या अल्बानिया देशाचे सिंहासन मिळाले. मार्चमध्ये तो तिथे उतरला आणि सप्टेंबरमध्ये देश सोडून निघाला. सहा महिन्यांचे राज्य! नॉयवीडचे राज्य गेले, अल्बानियाचे गेले, रुमानियाची राजेशाहीही १९४७ साली संपली. या घराण्याच्या हाती आलेली प्रत्येक सत्ता निसटली. टिकली ती घरातल्या अविवाहित, राज्य नसलेल्या काकाची कपाटे.

त्याने जमवलेले सुमारे चार हजार पक्षी आणि इतर प्राणी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आपल्या अगदी सुरुवातीच्या खरेदीत घेतले. त्या संग्रहालयाचा पाया ज्या संग्रहांवर उभा आहे त्यांपैकी हा एक. बोडमरची मूळ चित्रे मात्र राजवाड्यातच पडून होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पुन्हा उजेडात आली, विकली गेली आणि १९६२ साली नेब्रास्कातल्या ओमाहा शहरी, जॉस्लिन संग्रहालयात पोहोचली. ती विकत घेणारी गॅस कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि १९८६ साली ही चित्रे संग्रहालयाला कायमची देणगी म्हणून मिळाली. देणगीदाराचे नाव एन्रॉन आर्ट फाउंडेशन. होय, आपल्या दाभोळमुळे घरोघरी पोहोचलेली तीच एन्रॉन. ती कंपनी २००१ साली बुडाली, पण चित्रे तरली.

मँडन लोक आज आहेत. हिडात्सा आणि अरिकारा या शेजारच्या जमातींबरोबर ते नॉर्थ डकोटातल्या फोर्ट बर्थोल्ड या राखीव क्षेत्रात राहतात. घरात लहानपणापासून मँडन बोलत वाढलेले शेवटचे अस्खलित भाषक एडविन बेन्सन डिसेंबर २०१६ मध्ये वारले. आता ज्या तरुणांना आपली भाषा पुन्हा शिकायची आहे, त्यांच्यापुढे बेन्सन यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती आहेत, आणि त्या लांबच्या काळातला आधार म्हणून या जर्मन पाहुण्याने लिहून ठेवलेले शब्दही आहेत.

आणि क्वेक? २०११ साली बॉन विद्यापीठाने त्याची कवटी ब्राझीलला परत पाठवली. मरणानंतर १७७ वर्षांनी तो आपल्या देशी पोहोचला. माक्सिमिलियनचे ऋण मानताना हा हिशेबही मांडायला हवा, असे मला वाटते. त्याने माणसे पाहिली, समजून घेतली, त्यांची नावे लिहून ठेवली. आज आपण क्वेकला नावाने ओळखतो आणि त्याचे अवशेष परत मागता येतात, तेही त्या नोंदींमुळेच. आणि त्याच माणसाने त्याला घरापासून इतके दूर आणले की परतायला पावणेदोनशे वर्षे लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

अमेरिकेच्या माळरानांवर उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, एक रानटी सूर्यफूल फुलते. उंच, पिवळेधमक. वनस्पतिशास्त्रात त्याला माक्सिमिलियनचे नाव दिलेले आहे. राज्य गमावलेल्या राजपुत्राच्या नावावर आज एवढीच जमीन आहे.